आवाजानं वस्तू हलते की वाऱ्यानं? लेकीच्या प्रयोगासाठी विचारतेय

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातनं लिहितेय. लेक नववीत आहे, मराठी माध्यमात. ध्वनीचा धडा झाल्यापासनं तिनं एकच धरलंय: आवाज ही लाट असेल तर लाटेनं वस्तू हलली पाहिजे. ते दाखवायला तिनं विज्ञान प्रदर्शनात प्रयोग मांडला. कॉम्प्युटरबरोबर येतो तो लाकडी पेटीचा बास स्पीकर, मोबाइलवर सूर काढणारं ॲप, आणि समोर शिवणाच्या दोऱ्याला टांगलेला पिंगपाँगचा चेंडू. मागं पुठ्ठ्यावर सेंटिमीटरच्या रेघा. ५० हर्ट्झचा सूर लावला की चेंडू दोन-अडीच सेंटिमीटर मागं सरकायचा आणि सूर चालू असेतोवर तिथंच थरथरत राहायचा.

परीक्षक कन्नड बोलणारे होते. त्यांनी विचारलं, "शब्ददिंद वस्तु अलुगाडुत्ता?" म्हणजे शब्दानं वस्तू हलते का? पोरगी गोंधळली. तिला वाटलं, बोललेल्या शब्दांबद्दल विचारतायत. कन्नडमध्ये शब्द म्हणजे आवाज, हे तिला त्या घाईत सुचलं नाही. मग त्यांनी चेंडूजवळ हात धरला, म्हणाले, "इदु गाळी अष्टे." हा नुसता वारा आहे. आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "आई, वारा असला तर असू दे, खरं मला ते कळायला पाहिजे." तर वारा आणि आवाज एकमेकांपासनं वेगळे कसे काढायचे, कुणी सांगेल का?

सीमाभागी_७८
आमच्या आईनं स्वयंपाकघरातनं हाक मारली की घरातली तिन्ही माणसं हलतात. त्यामुळं कन्नड अर्थानं घ्या की मराठी, शब्दानं वस्तू हलते हे आमच्याकडं सिद्ध आहे.

पोरीला सांगा, प्रश्न एक नंबर आहे.

वडगावचा_माग
गणपतीत या की आमच्या गल्लीत. डॉल्बीची गाडी दारावरनं गेली तेव्हा शोकेसमधला काचेचा पेला टिकटिक करत कडेला सरकत आला आणि खाली पडला. मी समोर बसून बघितलंय. तीन मिनिटं लागली असतील. आवाजानं वस्तू हलते का म्हणून विचारायची गरजच नाही, आमच्याकडं फुटतेसुद्धा.

राकसकोप
वडगावचा_माग, पेला सरकला खरा, पण त्याला आवाजानं थेट ढकललं नाही. आवाजानं भिंत आणि फळी थरथरली. फळी जराशी उतरती असणार, तिच्या प्रत्येक थरथरीत पेला केसभर उचलला गेला आणि उताराकडं टेकला. चक्कीजवळ ठेवलेला डबा सरकतो तसाच.

मलप्रभाकाठ ताई, आधी एक सांगा. चेंडू नेमका कुठं टांगला होता? स्पीकरच्या कागदासमोर की पेटीला गोल भोक असतं त्याच्यासमोर?

मलप्रभाकाठ
भोकासमोर. कागदासमोर फार हलत नव्हता, म्हणून तिनंच जागा बदलली.

राकसकोप
मग परीक्षकांचं म्हणणं निम्मं तरी बरोबर आहे, आणि ते पोरीला समजावून सांगायला हवं होतं. मी सांगायचा प्रयत्न करतो.

मेणबत्ती फुंकून विझते, पण तेवढ्याच अंतरावरनं हवा आत ओढून विझत नाही. करून बघा. फुंकताना हवा झोतासारखी सरळ पुढं जाते. ओढताना ती चहूकडनं गोळा होऊन येते, त्यामुळं ज्योतीला धक्का बसत नाही. स्पीकरच्या भोकातनं ५० हर्ट्झला सेकंदाला ५० वेळा हवा बाहेर पडते आणि ५० वेळा आत जाते. बाहेर पडताना झोत, आत जाताना नुसतं गोळा होणं. बेरीज केली तर भोकासमोर कायमचा वारा. चेंडू मागं सरकून तिथंच राहिला, त्याचं मोठं कारण हे.

आता लाट. आमच्या राकसकोप धरणाच्या पाण्यावर पान पडलेलं बघा. लाट येते, पान वर-खाली, थोडं पुढं-मागं होतं, लाट निघून जाते, पान जवळजवळ तिथंच. आवाजातही हवेचा कण पुढं जेवढा जातो तेवढाच मागं येतो. म्हणून साध्या आवाजानं वस्तू थरथरते, पण वाहून जात नाही.

आकड्यात सांगायचं तर १२० डेसिबल म्हणजे कानाला दुखेल असा आवाज. त्यात दाब २० पास्कलनं वर-खाली होतो. वातावरणाचा दाब सुमारे १ लाख पास्कल, म्हणजे हा त्याचा ५,००० वा भाग. कमी वाटतो, पण एक चौरस मीटरच्या खिडकीवर तेवढ्यानंच दोन किलो वजनाइतका जोर पडतो, एकदा आत, एकदा बाहेर, सेकंदाला शंभर वेळा. म्हणून तावदानं वाजतात. मात्र त्याच आवाजाचा एकाच दिशेनं ढकलणारा दाब असतो फक्त ०.००३ पास्कलच्या आसपास. त्यानं पिंगपाँगचा चेंडू दोन सेंटिमीटर सरकणं शक्य नाही.

वडगावचा_माग
राकसकोप सर, पटलं. फळी उतरतीच हाय. खरं पेला माझ्या आज्जीचा होता.

उद्यमबाग_रिटायर
तीस वर्षं फौंड्रीत काढली. आमच्याकडं वाळू हलवायला थरथरणारं टेबल असायचं. साचा त्याच्यावर ठेवला की वाळू आपोआप खाली बसून घट्ट व्हायची. मोटरला वाकडं वजन लावलेलं, बाकी काही नाही. थरथर कुठल्या दिशेनं आणि किती, हे बदललं की वाळू पाहिजे तिकडं चालायला लागते. लोखंडाच्या पन्हाळीतनं ओझं उचलल्याशिवाय चढावर नेता येते. तेव्हा थरथरीनं वस्तू वाहून जात नाही हे पूर्ण खरं नाही. थरथर तिरकी असली की जाते.

राकसकोप
काका, अगदी बरोबर. "दोन्ही बाजूंना सारखी असेल तर" हे शब्द मी घालायला हवे होते.

शाई_आणि_गजरा
तबला शिकवतो, शहापुरात. माझ्याकडं एक प्रयोग आहे, त्याला ना वीज लागते ना ॲप.

दोन तबले घ्या. दोन्ही काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला मिळवा, बाजूचे लाकडी गट्टे हातोडीनं ठोकून अगदी एकजीव. मग दोन हातांच्या अंतरावर, वेगवेगळ्या जाड घोंगड्यांवर ठेवा, म्हणजे फरशीतनं थरथर जाणार नाही. एकाच्या मैदानावर, म्हणजे मधल्या काळ्या शाईभोवतीच्या कातड्यावर, चिमूटभर बारीक रवा टाका. दुसऱ्यावर "ना" हा बोल वाजवा. पहिल्याला हात न लावता रवा उडतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, वय वर्षं अकरा. आता खरी गंमत: ज्याच्यावर रवा आहे तो तबला एका सुरानं उतरवा आणि तेवढ्याच जोरात "ना" वाजवा. रवा जवळजवळ गप्प.

वारा असता तर त्याला सूर कळला असता का?

मलप्रभाकाठ
सर, हे वाचून दाखवलं तिला. "वाऱ्याला सूर कळत नाही" म्हणून वहीत लिहून घेतलंय, खाली दोन रेघा मारून.

चिकोडी_टू_मिरज
शाई_आणि_गजरा यांनी सांगितलं तसंच तानपुऱ्यावरही होतं. मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात वर्षभर हाताखाली काम केलं, तिथं बघितलंय. तार मिळवताना कारागीर कागदाचा बारीक तुकडा इंग्रजी व्हीसारखा दुमडून तारेवर स्वार करतो आणि शेजारची तार छेडतो. सूर जुळला की कागद नाचतो, कधी उडून खालीच पडतो. डोळ्यांनी सूर बघायचा. पण तारा एकाच भोपळ्यावर असतात, त्यामुळं थरथर लाकडातनं जाते, हवेतनं नाही. तुमच्या पोरीच्या प्रश्नाला तबल्याचाच प्रयोग जास्त चोख.

अकरावीच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर (ताणलेल्या तारेचा सूर मोजायची पेटी) असतो, त्यातही हाच कागदी स्वार.

शाई_आणि_गजरा
तबल्याचा विषय निघालाच आहे तर सी. व्ही. रामन यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणारे वरचे सूर, एकमेकांशी बेसूर असतात. मग तबला-मृदंग सुरात कसे बोलतात? मधल्या शाईच्या वजनानं ते उपस्वर पटीत बसतात, हे रामन यांनी १९२० साली दाखवलं. पुढं १९३४ मध्ये कातड्यावर बारीक वाळू टाकून, ती कुठल्या रेघांवर गोळा होते त्याच्या आकृत्या काढल्या. म्हणजे नोबेल मिळाल्यावरही हा माणूस मृदंगावर वाळू टाकत बसला होता. शाई लोखंडाची पूड आणि खळ यांची, एकेक पातळ थर देऊन दगडानं घासत चढवतात. ज्यानं पहिल्यांदा चढवली त्याच्या कानाला माझा नमस्कार.

अनगोळ_क्रॉस
इतकं सगळं ठीक. पण डॉल्बीचं कुणी बोलणार आहे का? माझे वडील हृदयाचे पेशंट. विसर्जनाच्या रात्री पलंगाचा पाय वाजत होता. नियम २००० सालापासनं आहेत: राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तक्रार केली तर "एक दिवसाचं आहे" असं उत्तर मिळालं.

सीमाभागी_७८
बेळगावात सार्वजनिक गणपती टिळकांच्या हस्ते १९०५ ला सुरू झाला. आमच्या आजोबांच्या वेळी मिरवणुकीत लेझीम आणि ढोल असायचे, कपिलेश्वराच्या तलावापर्यंत. ढोलानंही छाती हलायचीच की.

अनगोळ_क्रॉस
ढोल वाजवणारा माणूस दमतो, थांबतो. मशीन थांबत नाही.

खडेबाजार_कुंदा
दोघांनाही विनंती, त्याचा वेगळा धागा काढा, मी स्वतः लिहीन तिथं. पोरीचं प्रदर्शन परत आहे का ताई?

मलप्रभाकाठ
शाळेत पुढच्या महिन्यात आहे. तिला परत मांडायचंय.

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रॉनिक्स
अक्का, आम्ही कॉलेजात आवाजानं वस्तू हवेत तरंगवली आहे. गाडीच्या रिव्हर्स सेन्सरसारखे अंतर मोजणारे छोटे सेन्सर मिळतात, त्याच्या दोन डोळ्यांपैकी एकातनं ४० किलोहर्ट्झचा आवाज निघतो, माणसाला ऐकू न येणारा, आणि दुसरा तो ऐकतो. ते डोळे काढून समोरासमोर लावायचे, आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि मोटर ड्रायव्हरनं दोन्ही चालवायचे. दोन्हीकडनं येणाऱ्या लाटा मिळून मध्ये स्थिर लाट तयार होते. लाटेची लांबी ८.६ मिलिमीटर, म्हणून दर ४.३ मिलिमीटरला एक शांत जागा. त्या जागेत चिमट्यानं थर्मोकोलचा मणी सोडला की तो तिथंच राहतो. खाली काही नाही, वर काही नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ साली असे ७२ डोळे लावून यंत्र केलं, त्यात पाण्याचा थेंबही तरंगतो.

आमच्याकडं मणी राहत नव्हता, दोन रात्री गेल्या. अंतर अर्धा मिलिमीटर चुकलेलं. पहिला मणी टिकला तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघं श्वास रोखून उभे होतो, कारण श्वासानंही तो उडतो. एकच सांगतो, कुत्र्याला हा आवाज ऐकू येतो. घरात कुत्रं असेल तर लांब ठेवा.

राकसकोप
शाबास. आणि बघा, इथं तो बारका, एकाच दिशेनं ढकलणारा दाबच कामाला येतो. मणी हलका, आवाज तीव्र, आणि लाट जागच्या जागी उभी, म्हणून जमतं.

हळद_रवा_रांगोळी
मी प्राथमिकला शिकवते, निपाणीजवळ. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, आणि मला वाटतं या धाग्यात तो महत्त्वाचा आहे.

स्पीकर उताणा ठेवून त्यावर मधोमध स्टीलचं ताट चिकटवलं. ताटात रांगोळी भुरभुरली. सूर बदलत गेलं की एका ठिकाणी अचानक रांगोळी धावत सुटते आणि रेघांवर गोळा होते. वर्तुळं, चांदण्या. पोरं ओरडायलाच लागली. जर्मनीच्या क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये याच आकृत्या छापल्या होत्या, पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनची गज ओढून. जिथं ताट हलत नाही तिथं रांगोळी विसावते.

मग एका मुलानं विचारलं, बाई, हळद टाकू का? टाकली. हळद उलट्या जागी गेली! जिथं ताट सगळ्यात जास्त हलतं तिथं तिचे छोटे ढीग झाले. मला वाटलं काहीतरी चुकलं. नंतर वाचलं तर फॅरडे यांनी १८३१ मध्ये याचंच कारण शोधलं होतं. थरथरणाऱ्या ताटावर हवेचे बारीक भोवरे तयार होतात. रांगोळीचा कण जड, त्याला ताटाची लाथ बसते. हळदीचा कण हलका, त्याला भोवऱ्याचा वारा उचलून नेतो.

म्हणजे आवाज आणि वारा दोन वेगळे पक्ष नाहीत. आवाजच वारा तयार करतो. पोरीनं हेच मांडावं असं मला वाटतं.

राकसकोप
बाई, तुम्ही माझी चूक काढलीत आणि मला ती मान्य आहे. मी दोन्ही तोडून बसलो होतो. नळीतल्या स्थिर लाटेतही हवा हळूहळू गोल फिरते, त्याचं गणित रेले यांनी १८८४ मध्ये मांडलं आहे.

उद्यमबाग_रिटायर
हळदीचं हे मला ठाऊक नव्हतं. नातवाला घेऊन आज रात्रीच करतो.

चिकोडी_टू_मिरज
क्लाड्नींवरनं आठवलं. त्यांनी १८०९ मध्ये नेपोलियनला या आकृत्या दाखवल्या. त्यामागचं गणित सांगेल त्याला बक्षीस लागलं. ते १८१६ मध्ये मिळालं सोफी जर्मेन यांना, तिसऱ्या प्रयत्नात. बाईला तिथल्या कॉलेजात प्रवेश नव्हता, म्हणून तिनं आधी पुरुषाच्या नावानं पत्रं लिहून गणित शिकून घेतलेलं. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा. तिचा तर दुसराच प्रयत्न आहे.

मलप्रभाकाठ
मंडळी, उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी चेंडू. भोक आणि चेंडू यांच्या मध्ये तिनं भरतकामाच्या रिंगणात भाजीची पातळ पिशवी ताणून धरली. चेंडू मागं सरकायचा पूर्ण थांबला. तिचा चेहरा पडला. मग तिनं वाकून जवळनं बघितलं. पिशवीवर बोट ठेवलं तर पिशवी थरथरत होती, आणि पलीकडं टांगलेली कागदाची बारीक पट्टीही. वारा अडला, आवाज गेला. ती म्हणाली, "म्हणजे सर बरोबर होते, आणि मी पण थोडी बरोबर होते."

मग नळी. गावातल्या एका दुकानातनं एक मीटरची पारदर्शक नळी आणली. एका टोकाला छोटा स्पीकर मेणानं बंद केला, दुसऱ्या टोकाला बूच. आत थर्मोकोलचे मोहरीएवढे मणी पसरले. ते नळीला चिकटत होते, तेव्हा तिनं नळी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. सूर हळूहळू चढवत नेला. बराच वेळ काहीच नाही. ६९० हर्ट्झला मणी उठून उभे राहिले, पातळ पडद्यांसारखे, चार ठिकाणी. मधल्या जागा शांत. पहिल्या ते चौथ्या ठिकाणापर्यंत ७४.६ सेंटिमीटर. तीननं भागून २४.८७, ही अर्धी लाट, म्हणून दुप्पट करून ६९० नं गुणलं: सेकंदाला ३४३ मीटर. मग ८६२ हर्ट्झला पाच ठिकाणं, पहिल्या ते पाचव्यापर्यंत ८०.४ सेंटिमीटर. त्यावरनं ३४६.५. खोलीत २४ अंश होते, पुस्तकाच्या सूत्रानं ३४६ च्या जवळ येतं.

आवाजाचा वेग फूटपट्टीनं मोजला, मंडळी. तिनं तीन वेळा गुणाकार करून बघितला, मग मला हाक मारली.

राकसकोप
ताई, हे वाचून फार बरं वाटलं. तिला सांगा, बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, हवा समुद्रकाठापेक्षा विरळ, तरी वेग तोच आला. कारण वेग तापमानावर ठरतो, दाबावर नाही. परीक्षकांनी विचारलं तर उपयोगी पडेल. आणि दोन वेगवेगळ्या सुरांना एकच वेग आला, हा तिच्या प्रयोगातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. तो तक्त्यात वर लिहा.

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रॉनिक्स
अक्का, नळीचा फोटो टाका ना. आमच्या सरांना दाखवतो.

खडेबाजार_कुंदा
तक्ता कन्नडमध्येही लिहा. शीर्षकात "शब्द" हा शब्द मोठा लिहा आणि खाली कंसात "ध्वनी". म्हणजे या वेळी दोन्हीकडच्या लोकांना एकच प्रश्न कळेल. भाषांतर मी करून देतो.

मलप्रभाकाठ
नक्की द्या. फोटो संध्याकाळी टाकते, सध्या नळी तिच्या उशाशी आहे.

शाई_आणि_गजरा सर, तिला तबल्याचा प्रयोगही बघायचाय. गावात एकच तबला आहे, भजनी मंडळाचा.

शाई_आणि_गजरा
रविवारी सकाळी दहाला शहापूरला घेऊन या. दोन्ही तबले मिळवून ठेवतो. रवा बारीक आणा, उपीट-रवा नको, तो उडत नाही. आणि थोडी हळदही आणा, बाईंनी सांगितल्यापासनं माझ्याही डोक्यात तेच आहे.